सातारी ऊन आणि तिरंदाजाची जर्सी

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७व्या वर्षी कंपाऊंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्याच दिवशी ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५०पैकी १५० गुण घेत पुरुषांचं जगज्जेतेपद जिंकलं. ओजस नागपूरचा, पण दोघांचाही सराव साताऱ्यातल्या दृष्टी अकादमीत, प्रवीण सावंत यांच्याकडे. मुलीला किंवा मुलाला तिरंदाजीला घालायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा धनुष्याच्या किमतीची होते, आणि ती रास्तच आहे. उन्हाची चर्चा मात्र ‘टोपी घाल आणि पाणी पी’ एवढ्यावर संपते. कंपाऊंडच्या पात्रता फेरीत ५० मीटरवर ७२ बाण मारायचे असतात. एवढा वेळ उघड्या मैदानात उभं राहणाऱ्याचे कपडे कसे असावेत, याबद्दल आपल्याकडे ठाम मतं पुष्कळ आहेत. त्यातली बरीचशी चुकीची आहेत.

‘पांढरा सुती टी-शर्ट म्हणजे उन्हावरचा उत्तम उपाय’

उन्हातून दोन वेगळ्या गोष्टी अंगावर येतात: उष्णता आणि अतिनील किरण. पांढरा रंग उष्णता परतवतो, हे खरं. अतिनील किरणांच्या बाबतीत मात्र तो कच्चा आहे. कापड हे किरण किती अडवतं हे यूपीएफ या अंकानं मोजतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग, म्हणजे २ टक्के किरण कापडातून आत जातात. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ साधारण ५ ते ७ भरतो, आणि तो घामानं भिजून अंगाला चिकटला की आणखी उतरतो. म्हणजे मे महिन्यात सकाळी दहानंतर, जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हा तो सर्वांत कमी कामाचा असतो.

सगळं सुती कापड वाईट, असा याचा अर्थ नाही. इथे खरी किमया विणीची आहे. इचलकरंजीच्या मागावरचं दाट पॉपलीन आणि जाळीदार मलमल, दोन्ही सुतीच. पण किरण अडवण्यात त्यांची तुलनाच नको. दुकानात कापड उजेडाकडे धरून पाहावं. भोकांतून उजेड दिसला तर किरणही तिथूनच आत येणार. उजेड दिसला नाही म्हणून कापड उत्तमच ठरतं असं नाही, कारण धाग्याचा आणि रंगाचाही त्यात वाटा असतो. पण वाईट कापड बाजूला काढायला ही परीक्षा पुरते.

पॉलिस्टरला आपल्याकडे ‘उकडणारं कापड’ म्हणून नाक मुरडतात. बंद विणीच्या जुन्या टेरिलीनच्या शर्टांनी ते नाव कमावलंही आहे. खेळाच्या पॉलिस्टर जर्सीचं मात्र वेगळं. हा धागा मुळातच अतिनील किरण बऱ्यापैकी शोषतो, घाम धरून ठेवत नाही आणि लवकर वाळतो. दाट विणीची, फिकट रंगाची, पूर्ण बाह्यांची जर्सी हा या खेळासाठी सर्वांत व्यवहार्य तोडगा आहे.

‘काळं घातलं की भाजून निघणार’

गडद रंग किरण जास्त अडवतो आणि तापतोही जास्त. पण ती उष्णता अंगापर्यंत किती पोहोचते, हे कपडा कसा बसतो यावर अवलंबून आहे. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात याचा अभ्यास १९८०मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला होता. काळ्या आणि पांढऱ्या सैल झग्यांखालच्या शरीराला मिळणारी उष्णता सारखीच निघाली. काळ्या कापडानं शोषलेली जादा उष्णता त्वचेपर्यंत जाण्याआधीच निघून जात होती.

तिरंदाजाला या अभ्यासाचा उपयोग अर्धाच. त्याला झगा घालता येत नाही.

‘सैल कपडे घाला’

स्कूटरवर ठीक, मैदानावर नाही. उजव्या हाताचा तिरंदाज धनुष्य डाव्या हातात धरतो आणि सुटलेली दोरी डाव्या हातालगत पुढे जाते. तिथे सैल बाही असेल तर दोरी तिला घासते आणि बाण भरकटतो. छातीवरचा सैल कपडाही दोरीच्या वाटेत येतो, म्हणून चेस्टगार्ड बांधतात. म्हणून स्कूटरवर बायकांच्या अंगावर दिसणारा सनकोट प्रवासाला उत्तम असला तरी मैदानावर तो काढूनच ठेवावा लागतो.

मग जर्सी अगदी घट्ट घ्यावी का? तेही नको. ताणलेल्या कापडाची वीण उघडते आणि यूपीएफ घसरतो. दोरी पूर्ण ओढल्यावर पाठीवर आणि खांद्यावर किती ताण येतो, ते जर्सी घेतानाच दुकानात धनुष्य ओढल्याचा आव आणून पाहावं. दुकानदार बघत राहील, बघू द्यावं. धनुष्याच्या हाताची बाही बेताची घट्ट आणि बाकी जर्सी अंगाला चिकटणार नाही इतकी मोकळी, असं माप बरं.

‘टोपी घातली की चेहरा वाचला’

तिरंदाजीचं मैदान उत्तर गोलार्धात शक्यतो उत्तराभिमुख आखतात, म्हणजे नेम धरताना सूर्य डोळ्यांत येत नाही. आता उजव्या हाताचा तिरंदाज उभा करून पाहा. डावा खांदा उत्तरेला, लक्ष्याकडे, छाती पूर्वेला, मान डावीकडे वळवलेली. म्हणजे सकाळच्या सत्रात कोवळं आणि पुढे कडक होत जाणारं ऊन त्याच्या छातीवर, उजव्या गालावर आणि उजव्या कानावर पडतं. दुपारनंतर ते पाठीवर जातं. डावखुऱ्याच्या छाती-पाठीचं नेमकं उलट, गालाचं मात्र तेच.

आपल्याकडे घातली जाणारी टोपी बहुधा क्रिकेटची. तिची कड फक्त समोर. ओढलेली दोरी नाकाजवळून वर जाताना नेमकी त्या कडेला अडते, म्हणून पोरं टोपी उलटी फिरवतात. कान आणि गाल उघडेच. त्यापेक्षा चारी बाजूंनी कड असलेली मऊ गोल टोपी घेऊन पुढची कड वर दुमडावी. बाजूची आणि मागची कड खाली राहते, कान आणि मान झाकली जाते. तरीही तिरप्या उन्हात गालाचा काही भाग उघडा राहतोच. गालाला आणि हनुवटीला दोरी किंवा हात टेकण्याची ठरलेली जागा असते, त्यामुळे तिथे कापड नकोसं वाटतं. तिथे सनस्क्रीनच; पण लावायचं ते मैदानावर येण्याआधी अर्धा तास, आणि बोटं स्वच्छ पुसून. तेलकट बोटांनी धनुष्य धरू नये, हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

‘ढग आले, आता काय ऊन?’

हा गैरसमज साताऱ्यात विशेष. जून उजाडला की सह्याद्रीकडून ढग येतात, हवा थंड होते आणि बाह्यांच्या जर्सी कपाटात जातात. सांगली-साताऱ्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, ज्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो, आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, जेव्हा त्याच्याकडे कुणी पाहत नाही. मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, तोही जवळजवळ डोक्यावरच. दाट काळे ढग किरण बरेच अडवतात. विरळ ढगांतून मात्र ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. उष्णता जाणवते, अतिनील किरण जाणवत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीला तर उंचीमुळे ते थोडे वाढतातच, हवा कितीही गार असली तरी.

‘आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही’

यात तथ्य आहे. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य संरक्षण देतं आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. त्या भीतीपोटी महागडे कपडे घ्या असं कुणी सांगत असेल तर ते विक्रीचं बोलणं. पण सावळी त्वचाही भाजते, डाग पडतात, आणि डोळ्यांना तर त्या रंगाचा उपयोग नाही. मोतीबिंदूशी अतिनील किरणांचा संबंध आहेच. शिवाय हवा त्वचेपेक्षा तापली, जत-आटपाडीकडे किंवा माण-खटावला मेमध्ये हे नेहमीचंच, की उघडं अंग हवेकडून आणि उन्हाकडून अशी दोन्हीकडून उष्णता घेतं. त्यामुळे बिनबाह्यांचा बनियन थंड ठेवतो, ही समजूत तिथे उलटी पडते.

‘यूपीएफचा टॅग आहे, आता चिंता नाही’

टॅगच्या काही कपड्यांची संरक्षक क्षमता धाग्यात आणि विणीत असते, काहींची वरून दिलेल्या रसायनात. पहिली टिकते, दुसरी धुण्यात कमी होत जाऊ शकते. गंमत म्हणजे साधं नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं, वीण घट्ट होते आणि ते थोडं सुधारतंच. सर्वांत भरवशाचं कापड खरं तर जीन्सचं. जाड डेनिममधून किरण जवळपास जातच नाहीत. पण आंतरराष्ट्रीय नियमांत डेनिमला मनाई आहे, आणि मेच्या उन्हात जीन्स घालून ७२ बाण मारायची हौसही कुणाला नसावी.

जर्सी किती दिवस चालवायची याचा हिशेब वर्षांनी करू नये. खांद्यावर आणि कोपरावर कापड विरलं, उजेड आरपार दिसू लागला, की ती सरावाची राहिली नाही. धनुष्य पुसायला चांगली.