फुटबॉलसाठी नवे गट, व्हॉलीबॉलसाठी लांबचा प्रवास
अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचा नकाशा ऑगस्ट २०२४ मध्ये बदलला. देशाच्या पश्चिम भागातील दहा विद्यापीठांनी १९१५ पासूनची परंपरा सांगणारा 'पॅक-१२' हा आपला गट सोडला. यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया, ऑरेगन व वॉशिंग्टन ही चार विद्यापीठे 'बिग टेन' गटात गेली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा आणि कोलोरॅडो यांनी 'बिग ट्वेल्व्ह'ची वाट धरली, तर स्टॅनफर्ड व बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ चक्क 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात दाखल झाले. ही दोन्ही विद्यापीठे पॅसिफिक किनाऱ्यालगत आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. नावांचा संख्येशीही फारसा संबंध उरलेला नाही. 'बिग टेन'मध्ये आता १८ सदस्य आहेत.

या घडामोडींची चर्चा प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉलच्या अंगाने झाली. मात्र त्यांचा खरा भार पडला तो व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल, महिला फुटबॉल अशा कमी प्रसिद्धीच्या खेळांच्या वेळापत्रकावर.

'कॉन्फरन्स' म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत बांधलेला स्पर्धागट. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या देखरेखीखाली होतात. आधी विभागीय फेरी, मग अखिल भारतीय फेरी, असा त्यांचा क्रम असतो. अमेरिकेत बहुतांश हंगाम गटांतर्गत सामन्यांचा असतो. गटच वेळापत्रक आखतो, गटविजेता ठरवतो आणि दूरचित्रवाणी कंपन्यांशी करारही तोच करतो. 'बिग टेन'ने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस व एनबीसी या कंपन्यांशी सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. हा पैसा मुख्यत्वे फुटबॉलसाठी मोजलेला आहे, आणि गट बदलण्यामागचे कारणही हाच पैसा आहे.

फुटबॉलच्या नियमित हंगामात एका संघाचे १२ सामने होतात, साधारणपणे आठवड्याला एक आणि तोही बहुधा शनिवारी. त्यांपैकी सुमारे निम्मे घरच्या मैदानावर असतात. बाहेरच्या सामन्यासाठी मोठ्या विद्यापीठांचे संघ भाड्याच्या खास विमानाने जातात. असा संघ हंगामात दोन-तीनदा देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला, तरी त्याची घडी विस्कटत नाही. परंतु विद्यापीठ गट बदलते तेव्हा फुटबॉलबरोबर त्याचे इतर बहुतेक संघही नव्या गटात जातात. महिला व्हॉलीबॉल संघ आठवड्यातून साधारणतः दोन सामने खेळतो. बेसबॉल व सॉफ्टबॉलमध्ये शनिवार-रविवारला धरून तीन सामन्यांची मालिका आणि आठवड्याच्या मध्ये आणखी एखादा सामना, असा शिरस्ता आहे.

इतके सामने बसवण्यासाठी जुन्या गटाने एक सुटसुटीत युक्ती अवलंबिली होती. १९७८ ते २०११ या काळात या गटात दहा विद्यापीठे होती आणि त्यांच्या पाच जोड्या पडत असत. लॉस एंजेलिस शहरातील यूसीएलए व सदर्न कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठची स्टॅनफर्ड व बर्कली, ऑरेगनमधील युजीन व कॉर्व्हॅलिस, ॲरिझोनातील दोन आणि वॉशिंग्टन राज्यातील दोन. पाहुणा संघ एकदाच विमानाने येई, गुरुवारी किंवा शुक्रवारी जोडीतील एकाशी खेळे, मग बसने थोडे अंतर कापून दुसऱ्याशी खेळे आणि परत जाई. एका प्रवासात दोन सामने! २०११ मध्ये युटा व कोलोरॅडो आले, तेव्हा त्यांचीही सहावी जोडी मानली गेली. वॉशिंग्टनमधील सिॲटल व पुलमन यांच्यात साडेचारशे किलोमीटरचे अंतर असल्याने ती जोडी थोडी अवघड होती, इतकेच. दहा संघांत प्रत्येकाशी दोनदा खेळायचे तर १८ सामने लागतात. ते हंगामात बसत, आणि गटविजेता कोण याबद्दल शंकेला जागा उरत नसे.

अठरा संघांत हाच हिशेब ३४ सामन्यांवर जातो आणि तेवढे आठवडे कोणाकडेच नसतात. म्हणून 'बिग टेन'ने २०२४ च्या हंगामात महिला व्हॉलीबॉलसाठी २० सामन्यांचे वेळापत्रक केले: तीन संघांशी दोनदा, उरलेल्या चौदांशी एकदाच. कोणाशी दोनदा गाठ पडणार आणि कोणाच्या मैदानावर, यावर गुणतक्त्यातील स्थान अवलंबून राहू लागले. पुढे ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेची निवड होताना याच निकालांचे वजन पडते, म्हणून ही बाब किरकोळ नाही. महिला फुटबॉलमध्ये तर गटातील प्रत्येक संघाशी एकदाही सामना होत नाही.

नव्या गटांनी जोड्यांची युक्ती शक्य तेथे टिकवली आहे. पूर्वेकडचा संघ लॉस एंजेलिसला गेला की दोन्ही विद्यापीठांशी खेळून येतो. पण पूर्वेकडच्या संघाला असा प्रवास हंगामात एखाददुसऱ्या वेळीच करावा लागतो. पश्चिमेच्या चौघांना मात्र बाहेरच्या बहुतेक सामन्यांसाठी तो करावा लागतो. हे विषम वाटप गटाच्या रचनेतच आहे आणि कितीही कुशल वेळापत्रकाने ते नाहीसे होणार नाही.

अंतरांची कल्पना यावी म्हणून सांगायचे तर भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठ विमानमार्गे सुमारे ३,९०० किलोमीटर, तर स्टॅनफर्डहून बॉस्टन कॉलेज सुमारे ४,३०० किलोमीटर पडते. त्यातच घड्याळ तीन तासांनी बदलते. सकाळी नऊचा सराव पश्चिमेकडच्या खेळाडूच्या शरीराला पहाटे सहाचा वाटतो. शुक्रवारी रात्री न्यू जर्सीत सामना, शनिवारी बसने मेरीलँड, रविवारी दुपारी तेथे सामना आणि मग परतीचे विमान, अशी सहल आखली तर खेळाडू मध्यरात्रीच्या सुमारास वसतिगृहात पोहोचते आणि सोमवारी सकाळी तिचा तास असतो.

महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था एनसीएए हिच्या नियमानुसार हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काळ क्रीडाविषयक काम घेता येत नाही. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीन तासांचा धरला जातो. प्रवासाचे तास या २० तासांत मोजलेच जात नाहीत. त्यामुळे गट बदलल्याने वाढलेला वेळ नियमाच्या कागदावर दिसत नाही. तो झोपेतून आणि अभ्यासातून वजा होतो. यूसीएलए, स्टॅनफर्ड, ऑरेगन व वॉशिंग्टन येथे दहा आठवड्यांची सत्रे असतात. शरद सत्र सप्टेंबरअखेरीस सुरू होते आणि नेमके त्याच सुमारास व्हॉलीबॉलचे गटसामने सुरू होतात. दहा आठवड्यांच्या सत्रात चार-पाच शुक्रवार बुडणे ही लहान गोष्ट नव्हे.

सॉफ्टबॉल व बेसबॉलमध्ये आणखी एक अडचण आहे. हे संघ पुष्कळदा सर्वसामान्य प्रवासी विमानांनी जातात. रविवारचे शेवटचे विमान चुकू नये म्हणून ठरावीक वेळेनंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असे आधीच ठरवले जाते. विमानतळ जितका लांब आणि उड्डाणे जितकी कमी, तितकी ही वेळ अलीकडे येते. मिझुरी विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक इलाय ड्रिंकविट्झ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये नेमका याच खेळाडूंचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता. गटबदलाचा हिशेब करताना त्यांचा विचार कोणी केला काय, असे त्यांचे विचारणे होते. हे फुटबॉलच्याच प्रशिक्षकाने विचारावे, हे विशेष.

सर्वच खेळांना सारखी झळ पोहोचलेली नाही. जलतरण, मैदानी स्पर्धा, गोल्फ यांत अनेक संघ एकाच ठिकाणी जमतात. विद्यापीठ आपल्या परिसरातील स्पर्धा निवडू शकते आणि गटाच्या अजिंक्यपद स्पर्धेपुरताच लांबचा प्रवास करते. पुरुषांचे व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो हे खेळ तर जवळजवळ पूर्ण बचावले. ते मोजक्याच विद्यापीठांत खेळले जात असल्याने पश्चिमेकडील संघांसाठी १९९२ पासून 'माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशन' हा वेगळा गट आहे. यूसीएलए आणि स्टॅनफर्डचे फुटबॉल संघ आज देशाच्या दोन वेगवेगळ्या गटांत असले, तरी त्यांचे वॉटर पोलो संघ पूर्वीप्रमाणेच एकत्र खेळतात. खेळागणिक वेगळा गट असू शकतो, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. यूसीएलएचे तत्कालीन फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हाच मार्ग सुचवला होता: फुटबॉल वेगळा काढावा आणि बाकीच्या खेळांना भूगोलाप्रमाणे राहू द्यावे. प्रस्तुत लेखकालाही त्यात तथ्य दिसते. परंतु दूरचित्रवाणीचे करार गटांच्या नावे झालेले असताना ते सोपे नाही.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ११ विरुद्ध ५ मतांनी यूसीएलएच्या स्थलांतराला मान्यता दिली, ती खेळाडूंचा आहार, अभ्यास, मानसिक आरोग्य व प्रवास यांवर सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्च करण्याच्या अटीवर. याचा अर्थ मंडळाला हानीची पूर्वकल्पना होती. स्टॅनफर्ड व बर्कली यांची स्थिती अधिक नाजूक आहे. नव्या गटात त्यांना पहिली सात वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील सुमारे ३० टक्केच वाटा मिळणार आहे. प्रवास मात्र पूर्ण करायचा आहे. याच स्टॅनफर्डने २०२० मध्ये आपल्या ३६ खेळांपैकी ११ बंद करण्याचे जाहीर केले होते आणि विरोधानंतर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती. हा पैसा बहुतांशी फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळतो, आणि त्यामुळे इतर खेळांच्या विमानभाड्याकडे काटकसरीच्या नजरेने पाहिले जाते.

या खेळांना प्रेक्षक नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल सामन्याला फुटबॉलच्या मैदानात ९२,००३ प्रेक्षक उपस्थित होते.

दहा विद्यापीठे निघून गेल्यावर 'पॅक-१२'मध्ये ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. त्यांच्या बहुतेक संघांना दोन हंगामांसाठी 'वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स'ने आश्रय दिला. तीनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला ऑरेगन स्टेटचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये कोणत्याही गटाविना खेळला. एप्रिल-मे महिन्यांत इतर सर्व संघ आपापल्या गटात गुंतलेले असताना प्रत्येक मालिकेसाठी प्रतिस्पर्धी शोधण्याची वेळ त्याच्यावर आली. तरीही तो ओमाहा येथील अंतिम आठ संघांत पोहोचला. 'पॅक-१२'च्या पुनर्बांधणीसाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरवण्यात आली आणि बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, गोंझागा आदी पश्चिमेकडील विद्यापीठांना त्यात घेण्यात आले. फुटबॉलसाठी आवश्यक असलेली आठ ही सदस्यसंख्या भरून काढण्यासाठी टेक्सास स्टेटलाही प्रवेश देण्यात आला. ते टेक्सासमधील सॅन मार्कस येथे आहे. पुलमनहून सुमारे २,५०० किलोमीटर.