टेम्बुसूची फांदी रंगवताना

सन 1859 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेल्या सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात, पाच डॉलरच्या नोटेवर ज्याची प्रतिमा छापली आहे तो टेम्बुसू वृक्ष ज्या चित्रकाराने पाहिला, त्याला भूमीलगत आडव्या पसरलेल्या त्या प्रचंड फांदीचा मोह आवरणे कठीणच.

फांदी निमुळती होते ती मुख्यत्वे जेथे उपशाखा फुटते तेथे, दोन फाट्यांच्या दरम्यान तिची जाडी जवळजवळ कायम राहते. हा एवढा तपशील सांभाळला तरी चित्रातील वृक्ष निम्मा सजीव होतो, असे माझे ठाम मत आहे. टेम्बुसूच्या खोल भेगाळ सालीसाठी नुसता तपकिरी रंग न घेता बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळून करडी छाया सिद्ध करावी, आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होते हे जाणून ती थोडी फिकीच ठेवावी. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कंगोऱ्यांवर उजेड चढवावा. पानांतून दिसणारे आकाशाचे तुकडे मोकळ्या आकाशाहून अंमळ गडद हवेत.

हाच क्रम रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांनाही लागू पडतो. मात्र त्यांच्या फांद्यांवर वस्तीस असलेली नेच्यांची हिरवी झुंबरे अगदी शेवटी, दाट रंगात उतरवावीत.