पोटदुखी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या

परीक्षा जवळ आली की काही मुलांच्या पोटात कळा येतात. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. तपासण्यांत काही सापडत नाही आणि डॉक्टर ‘आयबीएस’ असं निदान करतात. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं, तर घरात लगेच ठरतं, ‘याच्यामुळेच पोट बिघडतंय.’

तसं म्हणायला पुरावा अपुरा आहे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या दर चारांपैकी जवळपास एकात ‘ड’ची कमतरता आढळली. या सगळ्यांना काही आयबीएस नाही. इतकी सर्रास असलेली कमतरता पोट दुखणाऱ्या मुलातही सापडणारच.

‘पण गोळ्यांनी गुण येतो, असं संशोधन आहे ना?’ आहे. इजिप्तमधल्या ११२ किशोरवयीन रुग्णांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सहा महिने रोज २००० युनिट ‘ड’ दिलं, त्यांचा त्रास नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपेक्षा बराच कमी झाला. मात्र ही सगळी मुलं मुळात ‘ड’ची कमतरता असलेलीच होती, हे सांगायचं बहुतेकदा राहून जातं. पुढे ब्रिटनमध्ये शेफिल्डच्या संशोधकांनी १३५ प्रौढांवर प्रयोग केला. त्यात १२ आठवडे रोज ३००० युनिट घेणाऱ्यांच्या रक्तातली पातळी वाढली, पोटाच्या तक्रारी मात्र होत्या तशाच राहिल्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कमतरता असेल तर हाडांसाठी ती भरून काढायलाच हवी, पोटाला आराम पडला तर उत्तमच. कमतरता नसताना आयबीएसचं औषध म्हणून ‘ड’ देऊ नये.

‘जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तरी काय बिघडतं?’ ‘ड’ चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर सहसा आठवड्याला एक आणि ठरावीक आठवडेच देतात. मनानेच ती घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मळमळ, बद्धकोष्ठ, पोटदुखी सुरू होते. ती आयबीएसच वाटते आणि पुड्या चालूच राहतात.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सीलिअॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, अन्नरस नीट शोषला जात नाही. मग पोटही दुखतं आणि ‘ड’ही घटतं. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्ससारख्या आजारातही असं होऊ शकतं. मुलाचं वजन घटत असेल, उंची खुंटली असेल, शौचातून रक्त जात असेल, वारंवार ताप येत असेल किंवा पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, तर पुड्यांवर वेळ घालवू नका. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ही लक्षणं त्यांना आवर्जून सांगा.