जुनी ऑक्टाव्हिया आणि सात गिअरांची धास्ती
जुनी गाडी, नवा मालक : भाग 7

सहा-सात लाख रुपये बाजूला पडले की नवी छोटी हॅचबॅक येते. तेवढ्यातच आठ-दहा वर्षं जुनी स्कोडा ऑक्टाव्हियाही येते, जी नवी असताना ऑन रोड वीस लाखांच्या आसपास होती. दार लावताना येणारा तो भरीव आवाज, एक्स्प्रेस वेवर शंभरालाही रस्ता न सोडणारी चाल, सुटकेसांचा अख्खा ढीग गिळणारी डिकी. एकदा चालवून पाहिली की भावाची घासाघीस करायचं भान राहत नाही. मग एखादा मेहुणा हमखास म्हणतो, "युरोपियन गाडी घेशील रे, पण पोसशील कशी?"

मेहुण्याचं अगदीच चुकत नाही. पण 'युरोपियन गाड्या भरवशाच्या नसतात' या वाक्याच्या आधारे ना गाडी घेता येते, ना सोडता येते. संशय घ्यायचा तर तो नेमक्या पार्टवर घ्यावा. कुठला भाग, कुठल्या वर्षांचा, बिघडला तर किती रुपये, आणि दुरुस्त कोण करणार?

ऑक्टाव्हियाचंच पाहू. 2001 पासून ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जुळवली जायची. तिच्या पहिल्या पिढीतल्या 1.9 टीडीआय डिझेलचं कौतुक करणारे लोक आजही भेटतात. आपला विषय मात्र 2013 च्या अखेरीस आलेली तिसरी पिढी. नाव एक, पत्रा एक, पण आतली यंत्रं वेगवेगळी. 1.4 टीएसआय पेट्रोलला साधा हाताने टाकायचा सहा गिअरांचा बॉक्स. 2.0 टीडीआय डिझेलच्या ऑटोमॅटिकला सहा गिअरांचा डीएसजी. आणि 1.8 टीएसआय पेट्रोलला सात गिअरांचा डीएसजी. जाहिरातीत शेवटच्या दोन्हींपुढे 'डीएसजी ऑटोमॅटिक' एवढंच लिहिलेलं असतं. सगळा घोळ तिथेच आहे.

डीएसजीत क्लच दोन असतात. एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा आणि रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्यात असताना तिसरा आधीच जुळवून ठेवलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. डिझेलच्या सहा गिअरांच्या बॉक्समध्ये हे क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता घेऊन जातं. सात गिअरांचा बॉक्स, कंपनीच्या भाषेत डीक्यू200, कोरडा आहे. त्यामुळे तो हलका आणि पेट्रोल वाचवणारा. पण बंपरला बंपर लावून गाडी सरकत असते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हिंजवडीच्या संध्याकाळसाठी याहून चुकीचं यंत्र शोधायला बराच वेळ लागेल. त्यातून या बॉक्सची मर्यादा 250 न्यूटन-मीटर टॉर्कची, आणि 1.8 टीएसआय इंजिन बरोबर 250 च देतं. पायजमा कमरेला नेमका बसतोय, पण मांडी घालून बसायला जागा नाही, असं ते गणित.

क्लच झिजतो हे तरी समजण्यासारखं. खरी धास्ती मेकाट्रॉनिकची. गिअर बदलणारे व्हॉल्व्ह, तेलाचा दाब तयार करणारा पंप, तो दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा कॉम्प्युटर, हे सारं एकाच डब्यात. डब्याचं शरीर चिरलं की दाब टिकत नाही, पंप सतत पळत राहतो आणि एके दिवशी डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागतं. नशीब बरं असेल तर गाडी निम्म्या गिअरांवर घरी येते, नाहीतर टो करावी लागते.

हा बोभाटा भारतातला नाही. मार्च 2013 मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात याच गिअरबॉक्सचा पंचनामा केला आणि लगोलग फोक्सवॅगनला तिथे 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याआधीच तिथल्या ग्राहकांना या गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी जाहीर झाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांमध्ये कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचं ठरलं, कारण कृत्रिम तेलामुळे आतल्या विद्युतभागात शॉर्ट होत होता. पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. आजच्या कुशाक आणि व्हर्चसच्या 1.5 टीएसआय ऑटोमॅटिकमध्येही याच घराण्यातला बॉक्स बसतो. तो सरसकट वाईट असता तर एव्हाना मोडीत निघाला असता. पण नव्या गाडीत तो वॉरंटीच्या छत्रीखाली असतो, आणि जुन्या गाडीत तुमच्या बचत खात्याच्या.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. विकणाऱ्याला तीच वेळ सोयीची असते. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून तापू द्या, मग गर्दीत शिरा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवते का? चढावर रिव्हर्स टाकून हळूहळू मागे घेताना गाडी हिसके देते का? त्यानंतर स्कॅनर. फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्या करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजांकडे लॅपटॉपला जोडायचं यंत्र असतं. इंजिनाचे कोड बघून थांबू नका, गिअरबॉक्सचं पान उघडायला सांगा. पी17बीएफ किंवा पी189सी दिसला तर दाबाचा आजार सुरू झालाय असं धरा. आणि सगळं पान कोरं असेल, तर कोड नुकतेच पुसलेत का हा प्रश्न पडायला हवा. वीस किलोमीटर फिरवून पुन्हा स्कॅन करा. विकणारा याला कां-कूं करत असेल तर चहा पिऊन निघा.

आता पैशाचं. गाडीची किंमत वीसवरून सहा-सातवर आली, पार्टची आली नाही. मेकाट्रॉनिकचा नवा डबा बसवायचा तर बिल लाखाच्या बरंच पुढे जातं, क्लचचा जोडही स्वस्त नाही. म्हणजे गाडीच्या किमतीचा पाव हिस्सा एका सोमवारी सकाळी जाऊ शकतो. इथे मला एक गोष्ट नेहमी खटकते. लोक ही रक्कम भाव करताना मोजतात आणि सौदा झाला की विसरतात. दीड-दोन लाख वेगळे ठेवता येत नसतील तर 1.8 टीएसआय तुमच्यासाठी नाही, भले ती दोन लाखांनी स्वस्त मिळो. घरात ही एकच गाडी असेल आणि रोज ऑफिसला तीच जाणार असेल, तरीही नाही.

1.4 मॅन्युअल मात्र मी डोळे उघडे ठेवून घेईन. 2.0 डिझेलही, कागद दाखवले तर. तेलातल्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावे लागतात. 1,30,000 चाललेल्या गाडीची अशी दोन बिलं असायला हवीत. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो धावत्या इंजिनात तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च आधीच भावातून कापा.

शेवटी भरवसा मेकॅनिकचाही असतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100 च की! कुर्ल्याला बनायची आणि कुठल्याही नाक्यावर दुरुस्त व्हायची, म्हणून 2023 पर्यंत टॅक्सीत टिकली. फियाटच्या पुंतो-लिनियात 1.3 मल्टिजेट डिझेल होतं, तेच मारुतीच्या स्विफ्टमध्येही. इंजिन तेच, पण फियाटवाल्याला साध्या पार्टसाठी आठवडाभर थांबावं लागायचं. पुण्यात, ठाण्यात ऑक्टाव्हिया उघडणारे चांगले हात आहेत. तुम्ही नंदुरबार किंवा हिंगोलीला राहत असाल तर आधी मेकॅनिक शोधा, गाडी नंतर.

स्वस्तातलं डिझेल पाहताना आरसी बुकावरची अक्षरं बघा. डीएल किंवा एचआर असेल तर ते का स्वस्त आहे हे उघड आहे: दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अंमलबजावणी पुढे कमीजास्त होत राहिली, पण विकणाऱ्यांची घाई कायम आहे. अशी गाडी इथे आणली की तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि बारा महिन्यांत नवी नोंदणी, हे सगळं तुमच्या गळ्यात. त्या कागदांचा हिशेब पुढच्या भागात मांडू.