पडद्यावरच्या गाड्या, बारामतीचा रस्ता

‘टॉप गियर’ हा गाड्यांचा कार्यक्रम नजीकच्या काळात परत येणार नाही, असं बीबीसीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर वर्ष भरायच्या आत, १३ सप्टेंबर २०२४ ला, ‘द ग्रँड टूर’मधला, ‘टॉप गियर’चे जुने सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे या तिघांचा शेवटचा प्रवास प्रसारित झाला. तो झिम्बाब्वेत चित्रित झाला होता. दोन्ही बातम्या मी बारामती तालुक्यातल्या सांगवीत वाचल्या आणि मनापासून वाईट वाटलं. या कार्यक्रमांनी मला गाडीकडे पाहायला शिकवलं. त्यांच्या जागी पुढं काय येणार, हे तेव्हा कुणालाच नीट दिसत नव्हतं.

गाड्यांचं वेड मात्र आमच्याकडे टीव्हीच्या आधीपासूनचं. फलटण-बारामतीकडची वाहतूक गावाच्या अंगावरून जाते. गाळप हंगाम सुरू झाला की माळेगाव कारखान्याच्या वाटेवर उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागते. वडापच्या जीपा, टेम्पो, २००५ नंतर आलेला ‘छोटा हत्ती’, सगळ्यांची नुसत्या आवाजावरून ओळख पटायची. बारामतीच्या एमआयडीसीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पियाजिओची तीनचाकी अ‍ॅपे बनू लागली. २०१२ मध्ये तिथूनच व्हेस्पा बाहेर पडली, २०१६ मध्ये अप्रिलियाची स्कूटर आणि २०२३ मध्ये ४५७ सीसीची अप्रिलिया मोटरसायकल. इटलीतल्या कंपनीची रेसिंगच्या घाटाची गाडी आमच्या तालुक्यात तयार होते, याचा मला अभिमान आहे.

टीव्हीनं या वेडाला शब्द दिले. टॉर्क म्हणजे काय, वजन मागं असलं की वळणावर गाडी कशी वागते, पाटे आणि कॉइल स्प्रिंग यांच्यात पाठीला कोणता फरक जाणवतो, हे गॅरेजमधल्या मिस्त्रीला हातानं ठाऊक होतं. पडद्यावरचा माणूस ते चालवता चालवता सांगायचा. ‘टॉप गियर’ मूळ १९७७ चा. तेव्हा तो बर्मिंगहॅमच्या स्टुडिओतून निघणारा, ग्राहकाला सल्ला देणारा साधा कार्यक्रम होता. बीबीसीनं तो २००१ मध्ये बंदही केला होता. त्यातली काही माणसं दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि २००२ मध्ये ‘फिफ्थ गियर’ सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी ‘टॉप गियर’ नव्या रूपात उभा केला. आम्ही पाहिला तो हा दुसरा जन्म. म्हणून आजच्या बंद होण्याला मी लगेच शेवट म्हणत नाही.

तो आमच्यापर्यंत पोचायचा उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. आधी केबल, मग घरांवर छत्र्या आल्या. भारनियमनाच्या त्या वर्षांत कार्यक्रमाच्या वेळी वीज असेलच असं नसायचं, त्यामुळे पुनर्प्रक्षेपणाची वेळ पाठ असे. देशी कार्यक्रम शनिवार-रविवारचे. एनडीटीव्हीवर सिद्धार्थ विनायक पाटणकर यांचा ‘कार अँड बाइक शो’, हिंदीत क्रांती संभव यांचा ‘रफ्तार’, सीएनबीसी-टीव्ही१८ वर ‘ओव्हरड्राइव्ह’. त्यांत विनोद कमी, माहिती जास्त. अ‍ॅव्हरेज किती, सर्व्हिस कुठं, मागच्या सीटवर तिघं बसतात का. आमच्या घरात गाडी घ्यायची चर्चा निघाली की याच कार्यक्रमांचा दाखला दिला जायचा, क्लार्कसनचा नाही. डिस्कव्हरी टर्बोवर ‘व्हीलर डीलर्स’ लागे. त्यात विकत घेतलेली मोडकी गाडी एड चायना स्वतःच्या हातांनी दुरुस्त करी, नटबोल्टही दाखवी. सगळ्या परदेशी कार्यक्रमांत मला तो सर्वांत जवळचा वाटला, कारण त्यात काम दिसायचं.

‘टॉप गियर’चा भारतातला विशेष भाग डिसेंबर २०११ मध्ये आला. तिघं मुंबईत उतरले आणि डबेवाल्यांचे डबे मोटारीनं पोचवून पाहिले. लोकलपुढं मोटारीचा निभाव लागला नाही. तेवढं मला आवडलं. पण जग्वारच्या मागं शौचकूप बसवून ती आपल्या रस्त्यांवर फिरवली, ते खटकलं, आणि लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयानं तक्रार केली ती योग्यच होती.

त्याहून जास्त मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. २०१० मध्ये क्लार्कसननं रिलायंट रॉबिन ही तीनचाकी मोटार चालवली. प्रत्येक वळणावर गाडी कलंडायची आणि जग हसायचं. पुढं २०१६ मध्ये त्यानंच लिहून टाकलं की गाडी कलंडावी म्हणून डिफरन्शियलमध्ये फेरफार केला होता. बारामतीच्या माणसाला हे लहान वाटणार नाही. रॉबिनची मांडणी अ‍ॅपेसारखीच, पुढं एक चाक, मागं दोन. वळताना ब्रेक दाबला की भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकतो आणि तिथं चाकच नसतं, हा धोका खरा आहे. पण माल मागच्या आसावर खाली बसवला, वळणाआधी वेग उतरवला, तर तीच गाडी वर्षानुवर्षं भाजी, दूध, सिमेंट वाहते. ते कसब टेम्पोवाल्याकडे असतं. पडद्यानं त्या कसबाचा प्रश्न विचारलाच नाही, यंत्र बिघडवून ते पाडलं. असत्यानं हसवायचं असेल तर परीक्षणाला अर्थ उरत नाही, आणि माझ्या मते या कार्यक्रमांचा पाया तिथंच खचला.

पुढची पडझड सर्वांना माहीत आहे. एका निर्मात्याला मारहाण केल्यावर मार्च २०१५ मध्ये क्लार्कसनचा करार वाढवला गेला नाही. त्याच्या जागी आलेला ख्रिस इव्हान्स एका मालिकेनंतर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी नंतरचा सूत्रसंचालक अँड्र्यू फ्लिंटॉफ गंभीर जखमी झाला, तेव्हाही तीनचाकीच गाडी होती. त्यानंतर बीबीसीनं थांबायचं ठरवलं. माणसाच्या जिवावर बेतणारा थरार थांबला, याचं मला दुःख नाही.

आपल्याकडची कारणं निराळी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गाडीचं परीक्षण मोबाइलवर हवं तेव्हा दिसू लागलं. २०१७ मध्ये असे कार्यक्रम दाखवणारी एनडीटीव्ही प्रॉफिट बंद झाली. ती वाहिनी नव्या रूपात परतली ती २०२३ च्या अखेरीस. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमांनी वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली. घरात मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट ठरल्यावर गाड्यांच्या वाहिनीसाठी वेगळे पैसे कोण भरणार? यूट्यूबवर चांगले, मेहनती परीक्षक आहेत, मीही रोज पाहतो. पण गाडी कंपनीची, प्रवास कंपनीच्या खर्चानं, आणि वेळ अर्ध्या दिवसाचा. नवी गाडी पहिल्या दिवशी कशी आहे ते कळतं. तीन वर्षांनी क्लच कसा आहे, हे सांगायला कुणी थांबत नाही.

आणि मराठीत? मुंबई दूरदर्शननं ‘आमची माती, आमची माणसं’ वर्षानुवर्षं दाखवला. त्यात तज्ज्ञ आणि शेतकरी एकमेकांशी आपल्या भाषेत बोलायचे. चाकण, आकुर्डी, पिंपरी, नाशिक, बारामती हा सगळा वाहनांचा पट्टा मराठी मुलखात आहे, देशाच्या गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यात आहे. नीरा नदीपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच विजेवरच्या रिक्षेवर काम केलं. एवढं असून ‘आमची माती, आमची माणसं’च्या तोडीचा, सलग चाललेला गाड्यांचा मराठी कार्यक्रम माझ्या पाहण्यात आला नाही. याची खंत मला ‘टॉप गियर’ बंद होण्यापेक्षा मोठी वाटते.

मला हवा असलेला कार्यक्रम महाग नाही. पियाजिओनं २०१९ च्या अखेरीस बॅटरीवरची अ‍ॅपे आणली. तिच्यात माणसं भरून बारामती-फलटण फेऱ्या मारा आणि मे महिन्यात बॅटरी किती उतरते ते दाखवा. तीच गाडी पुढच्या वर्षी पुन्हा आणा. भरलेली उसाची ट्रॉली उतारावर कशी थांबते, मागं दिवे किंवा रिफ्लेक्टर नसले की रात्री दुचाकीवाल्याला ती किती अंतरावर दिसते, हे मोजा. चालवणाऱ्यालाच बोलू द्या. कार्यक्रम टीव्हीवर आला काय किंवा मोबाइलवर, मला सारखंच. खर्च मात्र गाडी विकणाऱ्यानं करू नये. त्यासाठी वर्गणी मागितली तर मी देईन. टेम्पो स्टँडवरची माणसंही देतील असं मला वाटतं, कारण चार-पाच वर्षांचे हप्ते अंगावर घेण्याआधी त्यांना खरं सांगणारं आज दुसरं कुणी नाही.