ध्वनिवर्धकाचें तापणें आणि गुणगुणणें

ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामास जाते. पुढें सुमारें सव्वादोन महिन्यांनीं गणेशोत्सवाचे मांडव उभे राहतात. दोन्ही प्रसंग पावसाळ्यांतले, आणि दोन्ही वेळीं भजन-कीर्तन शेंकडों लोकांच्या कानीं पोंचविणारें यंत्र एकच, तें म्हणजे ध्वनिवर्धक किंवा अ‍ॅम्प्लिफायर. या पेटीविषयीं तीन तक्रारी नेहमीं ऐकूं येतात. ती फार तापते, ती गुणगुणते आणि कधीं कधीं तिचा झटका बसतो. या तक्रारी निरनिराळ्या दिसल्या, तरी एकीवर केलेला अविचारी उपाय दुसरीस जन्म देतो.

प्रथम तापण्याचा विचार करूं. मायक्रोफोनांतून येणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो. पाटाचें दार हलविण्यास थोडें बळ पुरतें, पण त्यामुळें सुटणारें पाणी पुष्कळ असतें. त्याचप्रमाणें हा क्षीण प्रवाह पुरवठ्यांतील मोठी शक्ति कर्ण्याकडे सोडतो. मात्र ती सारीच कर्ण्यापर्यंत जात नाहीं. ‘बी’ वर्गाच्या रचनेंत तत्त्वतःसुद्धां शेंकडा ७८॥ हून अधिक शक्ति उपयोगीं पडत नाहीं. बाकीची ट्रान्झिस्टरांत उष्णतारूपानें उरते. नवलाची गोष्ट अशी कीं, एकच स्थिर सूर लावला असतां ही उष्णता पूर्ण आवाजाच्या वेळीं नव्हे, तर पूर्ण शक्तीच्या शेंकडा ४० च्या सुमारास सर्वांत अधिक असते.

ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीं ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या पंखेदार तुकड्यावर, म्हणजे हीट सिंकवर, बसवितात. मध्यें अभ्रकाची पातळ चकती असते. ती उष्णतेस वाट देते व विजेस अडविते. समजा, ४० वॅट उष्णता निर्माण होत आहे आणि हीट सिंक दर वॅटमागें १ अंश सेंटिग्रेड तापतो. तर ३५ अंशांच्या हवेंत तो ७५ अंशांवर जाईल, आणि आंतील सिलिकॉन त्याहूनही तप्त असेल. पुष्कळशा शक्तिशाली ट्रान्झिस्टरांची सहनमर्यादा १५० अंशांची असते. हीट सिंकचे पंखे उभे असले म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते व खालून थंड हवा येते. सर आली कीं पेटीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळण्याची जी रीत आहे, ती हीच वाट बंद करते. पाऊस टळतो, पण यंत्र आंतल्या आंत भाजून निघतें. पेटी जमिनीपासून उंच, पक्क्या छपराखालीं आणि चोहोंकडून मोकळी ठेवणें हाच खरा उपाय.

आतां गुणगुणीविषयीं. आपल्याकडील विजेची दिशा सेकंदास ५० आवर्तनें करते. म्हणून ऐकूं येणारी गुणगुण बहुधा ५० किंवा १०० आवर्तनांची असते. मिक्सर एका ठिकाणच्या व ध्वनिवर्धक दुसऱ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडला, तर दोहोंमध्यें अल्पसा दाबफरक राहतो आणि ध्वनितारेच्या जाळीदार वेष्टणांतून नको तो प्रवाह वाहूं लागतो. अशा वेळीं कोणी तरी ध्वनिवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची तार तोडतो. गुणगुण तत्काळ थांबते, आणि तोडणाराची वाहवा होते.

परंतु ती तार कशासाठीं होती? आंतील २३० व्होल्टची तार सुटून पेटीच्या पत्र्यास लागली, तर त्या वाटेनें मोठा प्रवाह जमिनींत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठीं. ती नसली कीं पत्रा जिवंत होतो, आणि ध्वनितारेच्या वेष्टणावाटे मायक्रोफोनची धातूची मूठही जिवंत होऊं शकते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या हातीं तीच मूठ असते! ३० मिलिअँपिअरच्या गळतीस पुरवठा तोडणारा स्विच मांडवाच्या जोडणींत अवश्य असावा. पण तो अर्थिंगची जागा घेत नाहीं. प्लग काढल्यावरही आंतील मोठ्या कपॅसिटरांत विद्युत्भार कांहीं काळ राहतो, हेंही पेटी उघडणारानें विसरूं नये.

गुणगुणीवर निर्धोक उपाय आहेत. सर्व यंत्रें एकाच बोर्डावरून चालवावीं. लांबच्या अंतरास पीळ दिलेल्या दोन तारांची ‘बॅलन्स्ड’ जोडणी वापरावी. दोन्ही तारांत सारखाच शिरलेला उपद्रव पुढें वजा होऊन जातो. एवढ्यानें न भागल्यास ध्वनितारेच्या मार्गांत विलगकारी ट्रान्सफॉर्मर घालावा. मायक्रोफोनची तार विजेच्या तारेशेजारून नेऊं नये. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखानदारीच्या पट्ट्यांत वेल्डिंगच्या ठिणग्यांची व मोटारींच्या उघडझांपीची खरखर उद्भवूं शकते. जवळच्या मोबाइलचीही त्यांत भर पडते. तिला तारेभोंवतीं फेराइटचें कडें आणि ध्वनिप्रवेशाशीं योग्य गाळणी यांनीं आळा बसतो.

सारांश, यंत्र गुणगुणूं लागलें तर दोष ध्वनीच्या तारेंत शोधावा. अर्थिंगच्या तारेस हात लावूं नये. थोडी गुणगुण ऐकून घेतां येते. गेलेला जीव परत आणतां येत नाहीं.