चेंडू कोणी हलवला?

"साहेब, थांबा. बॉल हलला."

पिशवी वाहणारा कॅडी एवढंच बोलला आणि पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घेऊन वाकलेला खेळाडू जागीच थांबला. येरवड्यातल्या पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर ऊन चढलं होतं, वारा सुटला होता. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की चेंडूला धरून ठेवायला तिथे काहीच नसतं. चेंडू आधी नुसता थरथरला, मग वीतभर घरंगळला, तोही भोकाकडेच. खेळाडूचा चेहरा खुलला. कॅडीने मात्र मान हलवली. "मघाशी उचलून, पुसून परत ठेवला होता ना? मग जुन्या जागेवर घ्या."

कॅडीचंच बरोबर होतं. ग्रीनवर एकदा उचलून परत ठेवलेला चेंडू वाऱ्याने हलला तर तो मूळ जागी आणायचा; दंड नाही. जोडीदाराचा चेंडू त्याच वाऱ्याने सरकला, पण तो अजून कोणी उचललाच नव्हता. त्याने तो जिथे थांबला तिथूनच खेळायचा होता. वारा एक, ग्रीन एक, निकाल दोन! नवख्याला हा अन्याय वाटतो. मला तो तसा वाटत नाही. उचलून ठेवलेल्या चेंडूची जागा नक्की ठरलेली असते, ती वाऱ्याने बदलू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

पण मुळात चेंडू हलला असं म्हणायचं कधी? नुसता डुलला आणि पुन्हा त्याच जागी बसला, तर हलला नाही. जागा सोडून दुसरीकडे थांबला आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसलं, तरच हलला. त्यानंतरचा प्रश्न एकच: कोणी हलवला?

कुत्रा, कावळा, वाटसरू, हे सगळे बाहेरचे. त्यांनी थांबलेला चेंडू हलवला तर तो परत जागेवर, दंडाविना. आमच्या धाराशिव जिल्ह्यात गोट्या खेळताना उस्मानाबादी शेळ्यांचा कळप मधूनच गेला आणि गोटी उडाली, तर आम्ही पोरं हेच करायचो. गोटी उचलायची, सगळ्यांच्या संमतीने होती तिथे ठेवायची आणि डाव पुढे.

स्वतः खेळाडूचा किंवा त्याच्या कॅडीचा पाय लागला तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी. तसा न ठेवता खेळलं, तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे फटके मोजून खेळताना, दंड दोन फटक्यांचा होतो. पण शोधताना चुकून पाय लागला, किंवा ग्रीनवर चुकून धक्का लागला, तर 2019च्या नियमांनुसार दंड नाही. चेंडू फक्त परत ठेवायचा.

ग्रीनवरची ही सवलत सहज मिळालेली नाही. 2016च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला शेवटच्या फेरीत, पाचव्या ग्रीनवर गोल्फर डस्टिन जॉन्सनचा चेंडू किंचित हलला. आपण तो हलवला नाही, असं त्याने जागेवरच सांगितलं आणि सोबतच्या पंचाने ते मान्यही केलं. बाराव्या टीवर, म्हणजे बाराव्या भोकाच्या सुरुवातीला, मात्र त्याला कळवण्यात आलं की फेरी संपल्यावर दंड लागू शकतो. म्हणजे उरलेला सगळा खेळ त्याचे फटके नक्की किती हे माहीत नसताना खेळायचा, आणि फक्त त्यानेच नाही, तर त्याच्या पाठलागावर असलेल्यांनीही! दंड लागला, तरी तो तीन फटक्यांनी जिंकला. टीका इतकी झाली की 1 जानेवारी 2017पासून स्थानिक नियमाने ही सवलत आली, आणि 2019मध्ये ती मुख्य नियमांत गेली.

2019पासूनची दुसरी सुधारणा मला त्याहून मोलाची वाटते. चेंडू खेळाडूने हलवला असं ठरवायला आता किमान 95 टक्के खात्री हवी. तेवढी खात्री नसेल तर दोष निसर्गाचा. मात्र त्यासाठी आजूबाजूला सहज मिळेल ती सगळी माहिती विचारात घ्यावी लागते: वारा होता का, उतार किती, पटर चेंडूच्या किती जवळ टेकवला होता. बहुतेक वेळा शेजारी पंच नसतो. हे प्रश्न खेळाडूला स्वतःलाच विचारावे लागतात.

पण दोष निसर्गाचा ठरला, तरी नेहमी सुटका नव्हती. 2019च्या फिनिक्स ओपनमध्ये गोल्फर रिकी फाउलरने दंड घेऊन ठेवलेला चेंडू, तो ग्रीन पाहायला वर गेला असताना, आपोआप घरंगळून पाण्यात गेला आणि पुन्हा दंड बसला. 2023पासून अशा वेळी चेंडू विनादंड परत ठेवायचा असतो.

चालता चेंडू अडला, तर मात्र गोष्ट वेगळी. 1744मध्ये लीथच्या खेळाडूंनी लिहिलेल्या 13 नियमांतही आहे की माणूस, घोडा किंवा कुत्रा आडवा आला, तर चेंडू थांबेल तिथून खेळा. ग्रीनवरचा फटका सोडला, तर आजही बहुधा तसंच.

गोल्फ शिकत असाल, तर स्विंगइतकाच वेळ नियम क्रमांक 9ला द्या. नियम ठरवणाऱ्या आर अँड ए संस्थेचं नियमांचं ॲप फुकट आहे. आणि चेंडू हलला की आधी सोबत्यांना मोठ्याने सांगा, मगच हात लावा.